धाकटीच्या घरचे वडे

चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत मला एके काळी खडेवाले म्हणत. क्वार्टरच्या दारावर माझ्या नावाची पाटी होती, पण नवा माणूस फाटकाशी उभा राहून विचारायचा तो 'खडेवाले कुठी राहतात' असंच. मुतखडा झालेले लोक संध्याकाळी यायचे. मी त्यांना कुळथाचं पाणी सांगायचो, अंगणातल्या पानफुटीची पानं तोडून द्यायचो आणि दिवसभर पाणी प्यायला लावायचो. बऱ्याच जणांचे खडे पडायचे. बारीक खडा भरपूर पाण्यानं आपोआपही पडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. लोक पेढे आणून देत, मी ते शेजारी वाटत असे.

आज मी लिहायला बसलो आहे ते माझ्या बहिणीच्या धाकट्या जावेसाठी. पोळ्याच्या दिवशी तिनं आजारी थोरलीला तळलेले वडे चारले आणि मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, अशी गोष्ट त्यांच्या भावकीत सांगितली जाते. ज्यांनी तो पोळा पाहिला नाही अशी लेकरंही ती सांगतात. ती गोष्ट खोटी आहे. बहिणीच्या पोटात त्या दिवशी काय गेलं ते मला माहीत होतं, कारण मीच तिला ते पाजलं होतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर माझ्या नोकरीपासून सुरुवात करावी लागेल. वीज केंद्रात माझं काम बॉयलरच्या पाण्याचं होतं. पाण्यातले क्षार नळ्यांच्या आतून थर धरतात. तो थर वाढला की आम्ही नळ्यांतून आम्ल फिरवायचो, थर सुटला की जोरानं पाणी सोडून सगळं धुऊन काढायचो. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यामुळे माणसाच्या पोटातली पित्ताची पिशवी आणि तिची नळी मला काही वेगळी दिसलीच नाही. आंबट देऊन खडा मऊ करायचा, मग तेल आणि जुलाबाचं मीठ देऊन एकदाच धुऊन काढायचा. असा काही उतारा लोक करतात हे मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. माझ्या कामाशी तो इतका जुळला की मी त्यावर दुसऱ्यांदा विचार केला नाही.

पहिल्यांदा मी तो माझ्याच पाळीतल्या एका सहकाऱ्यावर केला. त्याला मुतखडा नव्हता, पित्ताशयात खडे होते. मी त्याला काही दिवस आंबट ताक आणि लिंबाच्या पाण्यावर ठेवलं, मग मीठ दिलं आणि वरून घाण्याचं जवसाचं तेल लिंबाच्या रसात घुसळून पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याला वाटाण्याएवढे हिरवट गोळे पडले. त्यानं ते धुऊन काचेच्या बाटलीत घालून आणले. आख्खी वसाहत बाटली पाहायला आली. ती मी बैठकीतल्या फळीवर ठेवली आणि खडेवाले हे नाव मला त्या बाटलीनंच कायमचं चिकटवलं.

मग चंद्रपूरचा मे महिना आला. एका दुपारी पाळीवरून आलो तर फळीवरच्या बाटलीत गोळे नव्हते. तळाशी हिरवट, चिकट, तुपासारखा थर बसला होता. दगड उन्हानं वितळत नाही. बोट घालून पाहिलं तर बोटाला जवसाच्या तेलाचा वास आला. मी तेलकट भांड्यासारखी ती बाटली राखेनं घासली आणि तिच्यात जिरं भरून ठेवलं. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं की लोक पाहून झाले, आता कशाला ठेवायची. माझी मीच समजूत घातली की काही खडे मेणासारखे मऊ असतील. पण आतून मला कळलं होतं की पाजलेलं तेलच पोटात गोळे होऊन बाहेर आलं आहे. बहिणीचं दुखणं निघालं ते यानंतर. म्हणून माझी चूक अजाणतेपणाची होती, असं मला म्हणता येत नाही.

बहीण माझ्याहून लहान. तिला आल्लापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आतल्या एका गावात दिलं होतं. घराच्या मागं जंगल, पुढं धानाच्या बांध्या. भाऊजी आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच अंगणात राहायचे, चुली वेगळ्या. धाकट्या भावाच्या बायकोला सगळे धाकटीच म्हणत. बोलायला कमी, पण तिच्या हाताला चव होती. भावकीत लग्न असो की तेरवी, कढईवर तिलाच बसवायचे. ती पिठाचा बारीक तुकडा तेलात सोडायची, तो वर यायला किती वेळ लागतो ते पाहायची आणि मग लाकडं मागंपुढं सरकवायची. तिच्या वड्यांसाठी पंगतीला माणसं थांबून राहायची.

बहिणीला उजव्या बरगडीखाली दुखायचं. जेवण झालं की कळ उठायची आणि पाठीत, खांद्यापर्यंत जायची. मी तिला चंद्रपूरला आणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तेव्हा पोट मोठं कापत असत, ती घाबरली. भाऊजी म्हणाले, डॉक्टर म्हणतात तर करून टाकू, धान निघालं की करू. मी म्हणालो, कापायची गरज नाही, मी आहे.

मी तिला पथ्य लावून दिलं. तळलेलं नाही, फोडणी नाही, अंडं नाही, मटण नाही, शेंगदाणा नाही, साय नाही. सकाळी तांदळाची पेज किंवा आंबील, दुपारी मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दुधी किंवा दोडका, पातळ ताक. कुळथाचं कढणही होतं, कारण मी सांगितलेल्या औषधात ते नाही असं व्हायचंच नाही. पथ्यानं तिची कळ थांबली. सबंध उन्हाळा गेला, रोवणीत ती चिखलात उभी राहिली, दुखलं नाही. माझं नाव तिच्या गावातही झालं. पुढे एका डॉक्टरांनी मला समजावलं की तेलतूप बंद झालं की पिशवी निवांत पडून राहते, म्हणून कळ येत नाही. खडा जिथल्या तिथंच असतो. पथ्यात खोट नव्हती. ते कळेपुरतं होतं, मी मात्र त्याच्याकडून खडा निघायची अपेक्षा धरून बसलो.

भाऊजींना माझ्या बोलण्याची मजा वाटे. मी अंगणात बाजेवर बसून त्यांना नळ्यांचं आणि आम्लाचं समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साळेबुवा, ते माही बायको होय. बॉयलर नाई." बसलेले सगळे हसले, बहीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मला ते लागलं. पुढचा उतारा भाऊजींना न सांगता करायचा, हे मी त्या बाजेवरच ठरवलं.

पोळ्याला मी रजा काढून गेलो. पिशवीत जुलाबाचं मीठ, लिंबं आणि जवसाचं तेल होतं. बहिणीला म्हणालो, खडे आता मऊ झाले असतील, एकदाच धुऊन काढू, मग तू मोकळी. कुणाला सांगू नको, उगीच हसतील. तिनं विचारलं, "तेल चालन का पण? तूच तं बंद केलं होतं." तिला पडलेला प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, हे औषधाचं तेल आहे. तिनं मान डोलावली. माझ्यावरचा तिचा भरवसा लहानपणापासूनचा होता.

पोळ्याच्या दुपारी बैल सजवून गडीमाणसं गावाबाहेर गुरं जमतात त्या आखरावर तोरणाखाली गेली, पोरं त्यांच्या मागं गेली. बसच्या धक्क्यांनी अंग दुखतं म्हणून मी घरी थांबलो. धानाच्या कोठीमागं बसून मी पेल्यात तेल घुसळत होतो, तेवढ्यात धाकटी आली. तिच्या हातात पळसाच्या पानानं झाकलेलं ताट होतं. बहीण दारात गेली. मी आतून ऐकत होतो.

बहीण म्हणाली, "धाकटे, मले चालत नाई ना हे."

"तुमच्यासाठी नाई बाई, पोट्ट्यायसाठी होय," धाकटी म्हणाली. "तुमच्यासाठी वाटीत मुंगाची डाळ वेगळी काढली. तिले फोडणी नाई देल्ली."

बहिणीनं ताट घेतलं, वाटी घेतली आणि चुलीजवळ ठेवली. धाकटी गेली. मग बहीण कोठीमागं आली आणि मी तिला पेला दिला. तिनं डोळे मिटून तो पिऊन टाकला. थोड्या वेळानं पोरं पळत आली, ताटातले वडे दोन्ही हातांनी उचलले आणि परत आखराकडे पळाली. ताट रिकामं राहिलं.

दिवेलागणीला कळ सुरू झाली. अशी कळ मी कधी पाहिली नव्हती. ती बाजेवर बसेना, निजेना, भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. ओकाऱ्या सुरू झाल्या. भाऊजी आखरावरून आले तेव्हा बैलांच्या अंगावरच्या गेरूनं त्यांचे हात लाल होते. त्यांनी तिला पाहिलं, मग चुलीजवळचं रिकामं ताट पाहिलं.

"काय खाल्लं तू?" त्यांनी विचारलं.

मी तिच्या उशाशी उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, डोळ्यांची एक उघडझाप व्हावी एवढंच. मग म्हणाली, "वडे खाल्ले. धाकटीच्या घरचे."

आवाज ऐकून धाकटी दारात आलीच होती. तिनं ते ऐकलं. ती म्हणाली, "बाई, मी तं पोरायसाठी..." आणि थांबली. भाऊजी तिच्या अंगावर ओरडले. आजारी माणसाच्या घरात तळलेलं आणून ठेवतेस, तुझं काळीज काय दगडाचं आहे का, असं बरंच काही. तिचा नवरा मध्ये पडला, त्यालाही बोलले. धाकटीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी घरात होतो हे तिला माहीत होतं. तिला वाटलं असेल की मी तरी सांगेन. मी बहिणीच्या तोंडावर पाण्याचा हात फिरवत राहिलो.

नाल्याला पूर होता. पाणी उतरल्यावर खाट खांद्यावर घेऊन चौघांनी तिला रस्त्यावर आणलं, तिथून जीप मिळाली. तोवर तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक खडा पिशवीतून निसटून नळीत अडकला आहे. ऑपरेशन झालं. ती वाचली, पण पुढे फार दिवस अशक्त होती.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. वऱ्हांड्यात एका बाजूला नेऊन, हळू आवाजात. ते माझ्यावर रागावले. म्हणाले, एवढं तेल एकदम गेलं की पिशवी जोरानं आवळते, आत खडा असला तर तो नळीत जाऊन बसतो, तुम्ही शिकलेले लोक असं करता. मी मान खाली घालून ऐकलं आणि मला बरं वाटलं. खरं बोलून झालं, असं वाटलं. ज्या ठिकाणी बोलून माझं काही जाणार नव्हतं, तिथं मी बोललो होतो.

वॉर्डात बहिणीजवळ एकटा बसलो असताना मी तिला विचारलं, तसं का म्हणालीस. ती म्हणाली, "तुही इज्जत मोठी हाय भाऊ. यायनं तुले आंगनात उभं नसतं केलं पुन्हा. धाकटीचं काय, चार दिवस बोलतीन अन् सोडतीन."

पण लोकांनी सोडलं नाही. भाऊ भाऊ बोलेनासे झाले आणि अंगणात काट्यांचं कुंपण आलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी स्वतःला माफ केलं असतं. पण भावकीतल्या बायकांनी धाकटीला कढईवरून उठवलं. उघड कुणी काही बोललं नाही. पुढच्या लग्नात दुसरीच कुणी कढईवर बसली आणि धाकटीसमोर लसणाची टोपली सरकवली गेली. तेव्हापासून प्रत्येक कार्यात ती लसूण सोलायची, कांदे चिरायची, भांडी घासायची. तिचा हात लागतो, असं बायका म्हणत. जंगलातल्या गावांत हे बोलणं पुढे बाईला चेटकीण ठरवण्यापर्यंत जातं. तिच्या नशिबानं गोष्ट तिथवर गेली नाही. पण तिची सून आली तेव्हा तीही सासूच्या शेजारी बसून लसूण सोलू लागली. घराचाच हात तसा, असं ठरलं होतं.

मी खडे पाडणं सोडून दिलं. लोक आले की म्हणायचो, आता जमत नाही. का जमत नाही, ते कुणी विचारलं नाही. बहिणीकडे जाणं मी कमी केलं. काही वर्षांपूर्वी ती तापानं गेली. तेरवीला गेलो तेव्हा मांडवाच्या कडेला, बायकांपासून थोडी दूर, धाकटी पाय लांब करून लसूण सोलताना दिसली. तिचे केस पांढरे झाले होते. त्या दिवशी बोलायचं होतं. पण बोललो असतो तर मेलेल्या बहिणीला तिच्याच तेरवीला खोटारडी ठरवल्यासारखं झालं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं आणि जेवून परत आलो.

गेल्या हिवाळ्यात भाची आली. बहिणीची ही मुलगी लग्नानंतर ऊर्जानगरलाच राहते, तिचा नवरा वीज केंद्रात आहे. मीही निवृत्त झाल्यावर जवळच घर बांधलं. तिनं पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. पित्ताशयात खडे. मग मोबाइल पुढं केला. त्यात एक बाई लिंबाच्या रसात तेल घुसळून दाखवत होती.

"डॉक्टर ऑपरेशन करा म्हणते," ती म्हणाली. "मी म्हटलं, आमचे मामाजी हायत. आईले दिलं होतं ते मले द्या. आईनं पथ्य मोडलं म्हणून तिले बाधलं. मी नाई मोडत. अन् मले वडे चाराले इथी काकू बी नाई."

हे ती हसत म्हणाली. त्या खोट्यानं इतकी वर्षं एका बाईचं नाव खराब केलं होतंच. त्याशिवाय त्यानं माझा उतारा खरा ठेवला होता. दोष पथ्य मोडण्याचा, औषध निर्दोष. आता तेच औषध बहिणीच्या लेकीच्या पोटात जाणार होतं.

मी तिला सगळं सांगितलं. बाटली, पेला, कोठी, ताट. माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आई खोटं बोलली?"

"माझ्यासाठी बोलली."

"अन् तुमी तिथीच उभे होते?"

"होतो."

ती कागद घेऊन निघून गेली. पुढच्याच आठवड्यात तिनं दुर्बिणीनं ऑपरेशन करून घेतलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तिनं उशीजवळची प्लास्टिकची डबी माझ्या हातात दिली. आत काळपट तपकिरी खडे होते, कुळथाच्या दाण्यांएवढे. मी एक नखानं दाबून पाहिला, नख वाकलं. ती म्हणाली, लहानपणी मी काकूच्या अंगणात चेंडू गेला तरी आणायला जात नव्हते. मग म्हणाली, "पपाले मी नाई सांगणार, मामाजी. ते तुमी सांगा."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्या भावाच्या मुलाचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता, गावातच. भाचीनं मला गाडीत घालून नेलं. वाटेत ती माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, आल्लापल्लीला चहाही पाजला, पण गावाच्या वळणावर म्हणाली, जेवणाआधी सांगा, जेवल्यावर माणसं झोपतात.

धाकटी कुठं असेल ते मला विचारावं लागलं नाही. मांडवामागं सावलीत ती आणि तिची सून बसल्या होत्या. सुनेच्या पुढं टोपली, धाकटी चाचपडत पाकळ्या सोलत होती. मी समोर जमिनीवर बसलो. तिनं आवाजावरून ओळखलं, मग डोळे बारीक करून पाहिलं. मी म्हणालो, बाई, त्या पोळ्याचं सांगायला आलो आहे, बहिणीनं वडे खाल्ले नव्हते, मी तिला तेल पाजलं होतं.

तिचे हात थांबले नाहीत. "मले काऊन सांगून राह्यले भाऊ?" ती म्हणाली. "मले तं माहीतच हाय, मी तिले नाई चारलं. त्यायले सांगा."

मी माफी मागायचं बोलू लागलो तर तिनं पुन्हा तेच म्हटलं, अगदी शांतपणे, जसं एखाद्या चुकलेल्या माणसाला रस्ता सांगावा. "त्यायले सांगा. तिथी बसले हायत."

ते अंगणात बसले होते. भाऊजी, त्यांचा भाऊ, भावकीतले म्हातारे, मुलीकडचे दोघंतिघं. कुंपण केव्हाच मोडलं होतं, पण दोघं भाऊ मांडवाच्या दोन टोकांना होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं. बसून सांगितलं असतं तर मांडवामागच्या बायकांना ऐकू गेलं नसतं. मी काही सजवलं नाही. बॉयलरची उपमा, लपवलेला पेला, बहिणीनं माझ्याकडे पाहिलं ते, आणि मी गप्प राहिलो ते. धाकटीनं त्या दिवशी बिनफोडणीची डाळ वेगळी काढून आणली होती, हेही सांगितलं. माझ्या पथ्याची आठवण त्या घरात तिनंच ठेवली होती.

भाऊजी मग म्हणाले, "थे मले खोटं बोलली. जलमभर." मग माझ्याकडे वळले. "अन् तुमी तिले बोलू देल्लं."

मोठा भाचा उठून माझ्याजवळ आला. त्याला राग आला होता आणि तो बरोबर होता. म्हणाला, आई होती तेव्हा सांगायचं होतं, आज पाहुण्यांसमोर तिचं नाव काढायची काय गरज होती. भाची त्याला काहीतरी म्हणाली, तो झिडकारून निघून गेला. भाऊजींचा धाकटा भाऊ, ज्याची बायको एवढी वर्षं लसूण सोलत होती, तो उठला आणि मांडवामागं गेला.

पंगतीची वेळ झाली होती आणि कढईवर अजून कुणी बसलं नव्हतं. भावकीतली एक म्हातारी, जी पूर्वी धाकटीसमोर लसणाची टोपली सरकवणाऱ्यांत होती, ती तिच्याजवळ गेली. म्हणाली, "चाल धाकटे, तेल तापलं."

धाकटी म्हणाली, "मले आता दिसत नाई. हात भाजन माहा." ती सोलत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "माह्या सुनेले बसवा."

सून गोंधळली. तिनं सासूकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. हात पदराला पुसून उठली आणि कढईपाशी जाऊन बसली. पहिल्या काही वड्यांत तिचा अंदाज चुकला, ते काळपट निघाले. धाकटीनं जागेवरूनच वासावर ओळखलं आणि लाकूड मागं ओढायला सांगितलं. बायकांपैकी कुणीतरी हसलं. तेही तिच्याकडे पाहून नव्हे, तिच्यासोबत.

मला पंगतीत बसा असं कुणी म्हणालं नाही. भाचीनं पळसाच्या पानात वड्यांसकट थोडं जेवण बांधून दिलं, ते मी परतीच्या वाटेवर खाल्लं. वयाला मानवत नाही तरी खाल्लं.

अजूनही अधूनमधून कुणीतरी जुन्या ओळखीचं विचारतं, खडेवाले, पित्ताच्या खड्यावर काही आहे का. मी सांगतो, कळ कमी व्हावी म्हणून तेलतूप सोडा आणि पुढचं डॉक्टरांना विचारा. तेलाच्या पेल्याचं कुणी सांगितलं तर माझ्या बहिणीची गोष्ट ऐकून जा. मग ती गोष्ट सांगतो, आणि त्यात धाकटीच्या घरचे वडे पोरांनी खाल्ले होते हे न विसरता सांगतो.

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. मी दर रविवारी फोन करतो. ते उचलतात, माझा आवाज ऐकतात आणि फोन नातवाच्या हातात देतात. नातू सांगतो की आजोबा बरे आहेत, काकाआजोबांच्या ओट्यावर जाऊन बसून राह्यले. तिथं काय बोलतात, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, काही नाही, दोघं नुसतेच बसतात.